चौकोनी चित्र चौकोनीच दाखवा

प्रति,
कोल्हापुरातील फिल्म सोसायट्या, महाविद्यालयांचे फिल्म क्लब आणि विज्ञान मंडळे

स. न. वि. वि.

विज्ञानकथांवरच्या मालिका दाखवायचं ठरलं की यादीत 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' हे नाव येतंच, आणि ते आलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर २००३ साली सुरू झालेली नवी मालिका असते. १९७८ची मूळ मालिका घेतलीच तर दहा-पंधरा मिनिटं, नव्या मालिकेच्या आधी तोंडी लावायला. चकचकीत पत्र्याचे सायलॉन, म्हणजे शत्रूचे यंत्रमानव, चालत आले की लोकांनी हसावं एवढंच तिचं काम. त्यात चित्र दोन्ही बाजूंनी ताणलेलं, घासून गुळगुळीत केलेलं आणि आवाज भलत्याच मोडमध्ये. मग कोण हसणार नाही?

आमची मागणी साधी आहे. मूळ मालिका निवडून, पण नीट दाखवा. तिच्या मापात दाखवा. आणि ती हातांनी कशी घडवली हे प्रेक्षकांना खेळाआधी दाखवा. हे कसं करायचं ते या पत्रात सविस्तर लिहिलं आहे, म्हणून पत्र लांबलं आहे.

नव्या मालिकेचं आधीच बोलून टाकू. रोनाल्ड मूर आणि डेव्हिड आइक यांची ही मालिका उत्तम आहे. 'थर्टी थ्री' या भागात दर ३३ मिनिटांनी शत्रू येतो, पाच दिवस कुणाला झोप नाही. त्या भागाला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला तो योग्यच होता. सुरुवातीलाच पडद्यावर उरलेल्या माणसांचा आकडा दाखवायची कल्पना तर अंगावर काटा आणते. जुन्या मालिकेतल्या स्टारबक या पुरुष वैमानिकाची बाई केली म्हणून ज्यांनी डोक्यावर आभाळ घेतलं त्यांच्यात आम्हाला धरू नका. केटी सॅकहॉफने ती भूमिका जोरात केली. आमचं भांडण आहे ते 'सुधारित आवृत्ती आली, आता जुनी कशाला' या हिशेबाशी.

हा हिशेब निदान कोल्हापुरात तरी कुणी मांडू नये. बाबूराव पेंटरांनी १९२५ साली 'सावकारी पाश' हा मूकपट केला आणि १९३६ साली त्यांनीच त्याचा बोलपट केला. दिग्दर्शक तोच, विषय तोच. तरी आज तो पहिला मूकपट पाहायला मिळत नाही याची हळहळ दुसऱ्याने भरून निघते का? खरी कॉर्नरच्या कॅमेरा मानस्तंभाला आपण हार घालतो, पण त्या कॅमेऱ्यामागच्या माणसांनी काढलेले बहुतेक मूकपट गेले ते गेलेच. गॅलॅक्टिकाचं तसं झालेलं नाही. मूळ मालिका पूर्ण उपलब्ध आहे, फक्त तिला चुकीच्या पद्धतीने दाखवून मारायचं काम चालू आहे.

थोडी ओळख. ग्लेन लार्सन याने ही मालिका उभी केली. १७ सप्टेंबर १९७८ रोजी एबीसी वाहिनीवर तिचा पहिला, तीन तासांच्या जागेत बसवलेला भाग लागला. जाहिराती वगळून १४८ मिनिटं. त्याच रात्री कॅम्प डेव्हिड कराराची बातमी आली आणि प्रक्षेपण मध्येच थांबवावं लागलं. गंमत अशी, की या भागाची सुरुवातच शांतता करारापासून आहे. हजार वर्षांचं युद्ध संपणार म्हणून माणसांची सगळी लढाऊ जहाजं तहाला जमलेली असतात, आणि तो तह म्हणजे सापळा असतो. बाल्टार हा माणूस फितूर झालेला असतो. बारा वसाहती जळतात, गॅलॅक्टिका ही एक युद्धनौका वाचते आणि तिच्यामागे २२० जहाजांचा काफिला निघतो: मालवाहू, प्रवासी, मोडकी, गळकी. २९ एप्रिल १९७९ला मालिका संपलीसुद्धा. एकच हंगाम. एका भागाला दहा लाख डॉलरच्या आसपास खर्च येत होता, आणि तेवढा पैसा वसूल होईल इतके प्रेक्षक टिकले नाहीत.

नव्या मालिकेत गॅलॅक्टिका वाचते ती तिचे संगणक एकमेकांना जोडलेले नसतात म्हणून. कल्पना हुशार आहे, आजच्या काळाला लागूही पडते. जुन्या मालिकेत ती वाचते कारण तिचा सेनापती, म्हातारा अडामा, याचा शत्रूच्या गोड बोलण्यावर विश्वास बसत नाही. अफझलखान प्रतापगडाच्या पायथ्याशी आला होता हे ज्या मुलखात पाळण्यात ऐकवतात, तिथे दुसरं कारण समजावून सांगावं लागणार नाही.

आता कामाचं.

कोणती डिस्क घ्यायची? २०१५ साली ब्लू-रेवर दोन संच निघाले. एकात मालिका रुंद पडद्याच्या मापात आहे, म्हणजे १६:९. दुसऱ्यात, 'डेफिनिटिव्ह कलेक्शन' नावाच्या मोठ्या संचात, मूळ ४:३ मापही आहे. तुम्हाला दुसरा हवा. रुंद आवृत्तीत बाजूला नवीन काही विशेष मिळत नाही, वरचं-खालचं कापलं जातं. गणित सोपं आहे: ४:३ चित्र १६:९मध्ये बसवायला उंचीचा पाव भाग, म्हणजे २५ टक्के, कापावा लागतो. संवादाच्या दृश्यात त्याने फार बिघडत नाही. बिघडतं ते जहाजांच्या दृश्यात. गॅलॅक्टिका कॅमेऱ्याच्या डोक्यावरून जाते तेव्हा तिच्या वर उरलेलं काळं आकाशच तिला मोठी करत असतं. ते कापलं की जहाज पडद्यात कोंबल्यासारखं दिसतं.

तुमचा पडदा १२ फूट रुंद आणि पावणेसात फूट उंच असेल, तर ४:३ चित्र ९ फूट रुंद पडेल आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट काळं राहील. राहू द्या. तिथे काळा पडदा ओढता आला तर उत्तमच. 'जागा वाया जाते' म्हणून कुणी रिमोटवरचं 'फुल' किंवा 'स्ट्रेच' दाबलं तर अडामाचा चेहरा भाकरीसारखा पसरेल. खेळाच्या वेळी रिमोट एकाच माणसाकडे ठेवा आणि तो माणूस हौशी नसावा.

डीव्हीडीच मिळाली तर एक गोष्ट तपासा. मालिका सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित झाली. पाल पद्धतीच्या डिस्कवर ती २५ने पळते, म्हणजे चार टक्के जास्त वेगाने. १४८ मिनिटांचा भाग १४२ मिनिटांत उरकतो आणि सगळ्यांचे आवाज थोडे चढतात. माणसांच्या आवाजात ते पटकन कळत नाही. सायलॉनच्या आवाजात कळतं. तो आवाज व्होकोडर या यंत्रातून काढलेला आहे, एका सुरात, एका ठेक्यात. सूर चढला की धाक जातो आणि खेळणं उरतं. शिवाय डिस्कच्या विभागाचा घोळ असतो: भारत डीव्हीडीसाठी ५ क्रमांकाच्या विभागात आणि ब्लू-रेसाठी 'सी' विभागात येतो, अमेरिकी डिस्क आपल्याकडच्या प्लेअरवर चालेलच असं नाही. खेळाच्या आठ दिवस आधी, ज्या प्लेअरवर दाखवणार त्याच प्लेअरवर लावून बघा.

प्रोजेक्टरच्या मेनूत जाऊन चार गोष्टी बंद करा. मोशन स्मूदिंग आधी, कारण ते मधल्या चौकटी स्वतः बनवून घालतं आणि सिनेमाची टीव्हीवरची बातमी करून टाकतं. मग ओव्हरस्कॅन, कारण ते कडा खातं. शार्पनेस शून्यावर. आणि चौथी, सगळ्यांत महत्त्वाची, नॉइज रिडक्शन. ते दाणेदारपणा पुसतं, पण त्याला फिल्मचा दाणा आणि बारीक तारा यांतला फरक कळत नाही. ते चालू ठेवलं तर आकाशातले निम्मे तारे नाहीसे होतात, कॅमेरा हलला की परत उगवतात आणि थांबला की पुन्हा विझतात. नव्या मालिकेत हा त्रास फारसा जाणवत नाही म्हणून लोकांच्या लक्षात येत नाही.

ब्राइटनेस वाढवू नका. जहाजांची दृश्यं वेगवेगळ्या फिल्मपट्ट्या एकावर एक छापून बनवलेली आहेत. जास्त उजेड दिला की जहाजाभोवती फिकट चौकोन दिसायला लागतो. तो चौकोन मूळ काळ्या रंगात लपावा अशाच बेताने ठेवलेला होता. उघडा पाडणारे आपण. अंधाऱ्या खोलीत या मापाच्या पडद्याला २००० ल्युमेन पुरतात. कॉलेजचा ४००० ल्युमेनचा प्रोजेक्टर असेल तर इको मोडवर टाका. खिडक्यांना काळा कागद लावा. वर्गातल्या खिडक्यांचे साधे पडदे दुपारी चारच्या उन्हाला पुरत नाहीत, म्हणून खेळ संध्याकाळी सातनंतर ठेवा.

आवाज: टीव्हीवरची मूळ मालिका मोनो होती. डिस्कवर मोनो ट्रॅक असेल तर तोच लावा आणि पडद्याच्या मधोमध एक चांगला स्पीकर ठेवा. या पहिल्या भागाची कापून सव्वादोन तासांच्या आत बसवलेली आवृत्ती चित्रपटगृहांतही लागली होती, तीही सेन्सराउंड पद्धतीत: अतिशय खोल आवाजाने खुर्च्या थरथरवणारी यंत्रणा. थोडक्यात, तेव्हाचा डॉल्बी, आणि हा शब्द आम्ही कोल्हापुरी अर्थानेच वापरतोय. त्याची नक्कल करायला मिरवणुकीतले बेस आणू नका. ती चित्रपटगृहातली आवृत्तीही दाखवू नका. तिच्यात बाल्टारला मारूनच टाकलंय, आणि पुढची सगळी मालिका बाल्टारच्या जिवावर चालते.

परवानगीचं थोडक्यात: विकत मिळणारी डिस्क घरात बघण्यासाठी असते. सार्वजनिक खेळाला हक्कदाराची लेखी परवानगी लागते. महाविद्यालयात फक्त विद्यार्थी, पालक आणि शिक्षक असतील तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. बिंदू चौकात पोस्टर लावून गावाला बोलावलंत की ती सवलत संपली.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं तो भाग.

मूळ मालिकेची दृश्यकरामत जॉन डायक्स्ट्राची. १९७७च्या 'स्टार वॉर्स'मधली अवकाश-लढाई ज्याने जमवली तोच हा माणूस. म्हणून तर दोन्ही गोष्टी एकमेकींसारख्या दिसतात, आणि म्हणूनच 'स्टार वॉर्स'वाल्या फॉक्सने गॅलॅक्टिकावाल्या युनिव्हर्सलला कोर्टात खेचलं. गॅलॅक्टिकाचं मुख्य मॉडेल सहा फुटांच्या आसपास लांब. त्यावरचा बारीकसारीक तपशील दुकानात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या, विमानांच्या प्लास्टिक किटमधले तुकडे काढून चिकटवलेला. चित्रीकरणात मॉडेल जवळजवळ स्थिर, आणि हलतो तो कॅमेरा, रुळावरून, मोटरने, प्रत्येक वेळी अगदी त्याच वाटेने. एकदा जहाजावर उजेड टाकून. मग सगळा अंधार करून फक्त खिडक्यांचे दिवे. मग फक्त इंजिनं. मग तारे. या सगळ्या फेऱ्या एकावर एक छापल्या की एक दृश्य तयार होतं. कॅमेरा एका फेरीत केसभर जरी सरकला तर दिवे खिडकीतून बाहेर पडतात.

हे भाषणात सांगून कळत नाही. करून दाखवायला हवं, आणि ते करायला कोल्हापूरसारखं गाव शोधून सापडणार नाही. राजारामपुरीच्या मंडळांचे तांत्रिक देखावे ज्यांनी उभे केलेत, उद्यमनगरात ज्यांनी फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न कोरलेत, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत ज्यांनी रबरी साच्यातून मूर्ती काढल्यात, त्यांना यातली प्रत्येक पायरी ओळखीची वाटेल. दोन रविवारांची कार्यशाळा पुरे. चार फुटी जहाज करा.

ढाच्याला एक इंची चौकोनी लोखंडी पाइप, साडेतीन फूट. त्याला खाली, मागे आणि एका कुशीला एम-८चे नट वेल्ड करून घ्या. उद्यमनगरातल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये होईल. तीन नट यासाठी, की ज्या बाजूने कॅमेरा बघणार नाही त्या बाजूने जहाज दांड्यावर बसवता यावं. अंगाला ५ मिलीमीटर सनबोर्ड, आठ बाय चारची एक शीट भरपूर होते. थर्माकोलचा मोह टाळा. स्प्रे रंगातलं द्रावण थर्माकोल खातं आणि जहाज डोळ्यांदेखत खड्ड्यांनी भरतं. वापरायचाच असेल तर आधी भिंतीच्या प्लास्टिक रंगाचे दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या, मगच स्प्रे.

वरच्या तपशिलाला महागडी किट कशाला? भंगारातले तीन-चार कीबोर्ड, बंद पडलेला प्रिंटर, मिक्सरचे फुटके गिअर, पेनांची टोपणं, वायरींचे कनेक्टर. एकच नियम पाळा: ओळखू येईल असा तुकडा लावायचा नाही. कीबोर्डचं बटण सरळ लावलं तर ते बटणच दिसतं. उलटं करून, अर्धं कापून लावलं तर यंत्र दिसतं. दुसरी हमखास चूक म्हणजे मोठे तुकडे. तपशील जितका बारीक तितकं जहाज मोठं वाटतं. अंगठ्याएवढे तुकडे लावलेत तर चार फुटी गॅलॅक्टिका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीएवढी दिसेल. मोठे तुकडे फार तर दहा, बाकी सगळे नखाएवढे, आणि मध्ये मध्ये मोकळी जागा. गणपतीच्या मखरासारखं इंच न् इंच भरून काढू नका.

रंग राखाडी प्रायमर, मॅट. चकाकणारा रंग दिला की दिवा त्यात पांढरा ठिपका बनून उमटतो आणि सगळी मेहनत खेळण्यावर येते. मग दोन-तीन जरा वेगळ्या राखाडी छटांनी पत्र्यांचे चौकोन, पेन्सिलीने सांधे, आणि पातळ काळपट तपकिरी रंग फासून लगेच फडक्याने पुसायचा, म्हणजे तो फटींत बसतो. आतून दिवे लावायचे असतील तर सनबोर्डच्या आतल्या बाजूला आधी काळा रंग द्या. पांढऱ्या सनबोर्डमधून उजेड झिरपतो आणि जहाज आकाशकंदील होतं.

कॅमेऱ्याचा रूळ: दोन ड्रॉवर चॅनल, त्यावर फळी, आणि फळी ओढायला एम-८चा आटे पाडलेला रॉड. या रॉडचा पिच सव्वा मिलीमीटर असतो. दर चौकटीला दोन पूर्ण फेरे दिले की कॅमेरा अडीच मिलीमीटर सरकतो. पाच सेकंदांच्या दृश्याला १२० चौकटी, म्हणजे २४० फेरे आणि ३०० मिलीमीटर प्रवास. नट आणि रॉड यांत थोडा प्ले असतोच, म्हणून प्रत्येक फेरीची सुरुवात एकाच दिशेने करा: शून्याच्या मागे जा आणि मग पुढे येऊन शून्यावर थांबा. उलटा फिरवून शून्यावर आणलात तर दुसऱ्या फेरीतले खिडक्यांचे दिवे खिडकीशेजारी पडतील. डीएसएलआर असेल तर एफ १६, आयएसओ १००, एक सेकंदाचा शटर, फोकस हाताने. छिद्र मोठं ठेवलं तर जहाजाचं नाक स्पष्ट आणि शेपूट धूसर होतं, आणि डोळ्याला लगेच कळतं की वस्तू लहान आहे. एका बाजूने एकच दिवा, सूर्यासारखा. दुसऱ्या बाजूला जवळजवळ काही नाही.

एका चौकटीला पंधरा सेकंद धरले तर एक फेरी अर्ध्या तासाची. चार फेऱ्या म्हणजे दोन तास, पाच सेकंदांसाठी. तिसऱ्या फेरीत कुणाचा तरी पाय टेबलाला लागेल. लागतोच. मग पहिल्यापासून.

हे केलेल्या मुलांना मालिकेतली एक गोष्ट वेगळी दिसेल, जिच्यावर सगळे हसतात. तीच ती वायपर विमानं नळीतून सुटण्याची दृश्यं, तोच फुटणारा रेडर, म्हणजे सायलॉनांचं विमान, भागामागून भाग. असं एक दृश्य बनवायला जे लागतं ते दर आठवड्याला परवडत नव्हतं, म्हणून ते पुन्हा वापरलं गेलं. पण आमच्या मते काटकसरीपलीकडे त्यातून एक गोष्ट साधली गेली. पोवाड्यात शाहीर कडवं संपवून ध्रुपदावर येतो तसं ते सुटणं येतं. वैमानिकाच्या मुठीतल्या दांड्यावरची बटणं, नळीतला उजेड आणि मग एकदम मोकळं आकाश. सहाव्या भागापर्यंत प्रेक्षक त्याची वाट बघायला लागतो. फुटणाऱ्या रेडरचं मात्र समर्थन नाही. तो खरंच फार वेळा फुटतो.

नव्या मालिकेतलं अवकाश हातात धरलेल्या कॅमेऱ्याने टिपल्यासारखं थरथरतं, झूम होतं, फोकस शोधतं. युद्धवार्ताहराचा आव आणायला ते चपखल आहे. जुन्या मालिकेत कॅमेरा सावकाश, वजनाने सरकतो, कारण तो खरोखर रुळावर आहे आणि समोर खरोखर एक वस्तू आहे. नव्या रेडरमध्ये वैमानिक नाही, तो स्वतःच सजीव आहे. जुन्यात तीन सायलॉन बसतात, एकमेकांशी बोलतात, आणि त्यांच्या डोळ्यांतला तो डावी-उजवीकडे फिरणारा लाल दिवा लार्सनने पुढे १९८२मध्ये 'नाइट रायडर'च्या गाडीला लावला. १९७९चा दृश्यकरामतीचा एमी पुरस्कार पहिल्या भागाला मिळाला होता, हे ओळख करून देताना जरूर सांगा; हसायला आलेल्यांना जरा सरसावून बसायला लावतं.

काय दाखवायचं ते आता. पहिल्या रविवारी पहिला भाग, पूर्ण १४८ मिनिटांचा. काफिला निघतो तिथे चहाची सुट्टी. त्यानंतरच्या तासाभरात अन्न नासतं, इंधन संपतं आणि ऐषारामी जहाजावरचे श्रीमंत खात बसलेले दिसतात. निर्वासितांची ही बाजू नव्या मालिकेची समजली जाते, पण तिचं बी इथलंच आहे.

दुसऱ्या रविवारी 'द लिव्हिंग लेजंड'चे दोन्ही भाग, आणि लगेच पाठोपाठ नव्या मालिकेचा 'पेगासस'. एकच कल्पना: हरवलेली दुसरी युद्धनौका सापडते आणि तिचा सेनापती अडामापेक्षा आक्रमक निघतो. जुन्यातला केन, लॉइड ब्रिजेसचा, इंधनासाठी शत्रूच्या तळावर तुटून पडायला इतका उतावीळ असतो की आयते हाती येणारे टँकर स्वतःच उडवतो. तरी तो तुम्हाला आवडतो. नव्यातली अॅडमिरल केन आवडणं शक्यच नाही, आणि तिथेच दोन मालिकांचा स्वभाव कळतो. जुनीला माणसं चुकतात असं वाटतं, नवीला माणसं बिघडतात असं वाटतं. सावधगिरीची सूचना: 'पेगासस'मध्ये लैंगिक अत्याचाराचा प्रसंग आहे. शाळेची मुलं असतील तर तो लावू नका.

तिसऱ्या रविवारी 'वॉर ऑफ द गॉड्स'चे दोन भाग. 'द लॉस्ट वॉरियर' आणि 'द मॅग्निफिसंट वॉरियर्स' गाळा. ते काउबॉयपट आहेत, घोडा तेवढा वेगळा. 'गॅलॅक्टिका १९८०' नावाच्या पुढच्या दहा भागांच्या मालिकेकडे फिरकूच नका. अपवाद फक्त तिच्या शेवटच्या भागाचा, 'द रिटर्न ऑफ स्टारबक'चा.

मराठी उपशीर्षकं करणार असाल तर सेंटॉन, मायक्रॉन, यारेन हे शब्द मिनिट, सेकंद, वर्ष करून सपाट करू नका. मालिकेत त्यांची मापं एका भागातून दुसऱ्या भागात बदलतात, त्यामुळे भाषांतर केलं की विसंगती तुमच्या माथी येईल. घटका आणि पळ जपलेल्या भाषेला सेंटॉन जड नाही. दोनच ओळी ठेवा, फाइल यूटीएफ-८मध्ये जतन करा, आणि तरी प्लेअरवर जोडाक्षरं फुटत असतील तर अक्षरं चित्रातच छापून घ्या.

जुन्या-नव्याची भांडणं लावणाऱ्या प्रेक्षकांसाठी एक माहिती हाताशी ठेवा. मूळ मालिकेत अडामाचा वैमानिक मुलगा अपोलो झालेला रिचर्ड हॅच नव्या मालिकेत टॉम झारेक हा बंडखोर झाला. नव्या मालिकेच्या पहिल्याच भागात जुना सायलॉन संग्रहालयातल्या कपाटात उभा दिसतो. आणि स्टू फिलिप्सची जुनी धून नव्या मालिकेत वसाहतींचं राष्ट्रगीत म्हणून वाजते. रीमेक करणाऱ्यांनी मूळ मालिकेचा मान राखला आहे. महोत्सव भरवणाऱ्यांनी तो राखायला हरकत नसावी.

चौथ्या रविवारी शेवटचा भाग, 'द हँड ऑफ गॉड'. या खेळाला दिव्याच्या बटणापाशी आपला माणूस बसवा. लढाई संपते, अपोलो आणि स्टारबक जहाजावरच्या काचेच्या घुमटातून उठून निघून जातात, आणि सभागृहातले लोकही चपला शोधायला लागतात. त्याच वेळी रिकाम्या घुमटात बंद पडायला आलेल्या पडद्यावर खरखर होते आणि एक चित्र येतं: १९६९, अपोलो ११, चंद्रावर उतरणारं यान. ज्या पृथ्वीला ते शोधतायत तिचा संदेश, आणि ऐकायला तिथे कुणी नाही. हे अर्ध्या मिनिटाचं दृश्य आवाज कमी असल्याने सहज निसटतं. त्या माणसाला सांगून ठेवा, नामावली पूर्ण सरकेपर्यंत दिवा लावायचा नाही.

आपले,
मूळ 'गॅलॅक्टिका'चे कोल्हापुरातील काही प्रेक्षक